मोहिमेच्या दिवसांतला किल्ला

दिवाळीत किल्ला करायचा असे मी मनाशी ठरवले, तेव्हा माझे वय नातवंडांचा किल्ला खुर्चीत बसून पाहण्याचे होते. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झाले, त्याला फार काळ लोटला नव्हता. माझ्या हातून असंख्य नकाशे गेले; पण त्यांतला एकही मी मनाने काढलेला नव्हता. मनाने काढलेला नकाशा हा आमच्या विषयात अपराधच. विद्यार्थ्याने नदीला हौसेने एखादे वळण अधिक दिले, तर मी त्याचे गुण कापत असे, आणि ते कापताना मला कधी वाईट वाटले नाही.

लहानपणी आमच्या घरी किल्ला दादा करायचा, म्हणजे माझा थोरला भाऊ. मी माती चाळून द्यायची. चाळलेल्या मातीत खडा निघाला, तर तो मला मुद्दाम हाक मारून दाखवायचा. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही, तेव्हा आज त्याची तक्रार मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिवाय दादा खरोखरच उत्तम किल्ले करी. पुढे तो सह्याद्रीतले गड पायांखाली घालू लागला, आणि आता सत्तरीच्या उंबरठ्यावरही कुठल्या गडाला किती दरवाजे आणि कुठले टाके बारमाही, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल.

मला सुचलेला किल्ला मात्र असा कुठल्या गडावरून आलेला नव्हता. तो आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गच्चीवर सुचला. पावसाळ्यात कीड लागू पाहणारी डाळ मी उन्हात घातली होती आणि कावळ्यांना हाकलत कठड्याशी उभी होते. सकाळीच हिंजवडीतल्या कंपन्यांच्या बसगाड्यांनी सोसायटीतली सगळी कर्ती माणसे उचलून नेली होती. खाली उरले होते ते वॉचमन, कामाला आलेल्या बाया, दूध घालणारे, आमच्यासारखी निवृत्त माणसे. कुणी गाद्या उन्हात टाकल्या होत्या, कुणी टाकी धुवून घेत होते. मला एकदम वाटले, सैन्य मोहिमेवर गेल्यावर किल्ला असाच दिसत असेल. राजे गेले, सरदार गेले, घोडी गेली. मग गडावर मागे राहिलेली माणसे दिवसभर काय करत असतील? धान्याला ऊन देत असतील. टाक्यांतला गाळ काढत असतील. तोफेवर लुगडी वाळत घालत असतील, कारण गडावर दुसरी दोरी बांधायची कुठे? आणि दरवाज्यावर पहारा असेल तो कुणा म्हाताऱ्याचा, नाहीतर बाईचा.

डाळ गोळा करून मी खाली आले, ती अपराध्यासारखी. शिकलेल्या माणसाची ही एक खोड असते. कल्पना सुचली, की ती आनंदाने मांडीवर घेण्याऐवजी तो तिला विचारतो, तुझा आधार कोणता? कुणी लिहून ठेवले आहे का तसे? पुढचे काही दिवस मी वाचनालयात जाऊन गडावरच्या रोजच्या जगण्याबद्दल काही मिळते का, ते पाहत राहिले. धान्यकोठारांची मापे मिळाली. कोठारात वावरणारी माणसे कुठेच मिळाली नाहीत. मग मला वाटू लागले, की ज्याला संदर्भ नाही ते आपल्याजवळ असणे म्हणजे कुणाची तरी वस्तू उचलून आणल्यासारखे आहे.

यजमानांना सांगितले, तेही चहा गाळताना, पाठमोरी राहून. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. उत्साह हा शब्द त्यांच्या स्वभावात बसत नाही.

"तोफेवर लुगडी?" त्यांनी विचारले.

"हसू नका."

"हसत नाही. तोफ कुठं ठेवणार आहेस? सावलीत ठेवलीस तर लुगडी वाळायची नाहीत."

हाच त्यांचा होकार होता. त्या दुपारी त्यांनी माझी एक विरलेली सुती साडी मागून घेतली आणि चष्मा नाकावर ओढून बोटभर लांबीची लुगडी कापायला आणि शिवायला बसले. काठ नीट यावेत म्हणून साडीच्या काठाचाच वापर करत होते. त्यांना सुई हातात धरलेले मी तोवर पाहिले नव्हते.

किल्ल्यासाठी सोसायटीतली एक जागा हवी होती. पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा मागायला मी सेक्रेटरींकडे गेले.

"काकू, नातू येणार वाटतं दिवाळीला?" त्यांनी विचारले.

मुलगा बंगळुरूला असतो. त्यांचे यायचे काही ठरलेले नव्हते. पण साठीच्या घरातल्या बाईने स्वतःसाठी चिखल कालवायला जागा मागणे मला इतके लाजिरवाणे वाटले, की मी मान हलवली.

"मग काय, करा की! लहान मुलांसाठी नाही म्हणतंय कोण?"

अशा रीतीने माझ्या किल्ल्याचा पाया एका खोटेपणावर घातला गेला. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मग नातू कधी येणार ते विचारू लागला, आणि मी दर वेळी "बघू या, रजेवर आहे सगळं" असे म्हणत निसटू लागले.

फुटक्या विटा, उपड्या बादल्या, त्यांवर मातीच्या राड्यात बुडवलेले गोणपाट, आणि वरून चाळलेली लाल माती. हे सगळे मला येत होते. पाहून पाहून आले होते. उतारांवर अळीव पेरले आणि सकाळ-संध्याकाळ हातानेच पाणी शिंपडत राहिले. एक रुंद माची केली. तिच्यावर बाजार बसवला, धान्य पसरायच्या चटया अंथरल्या. टाक्याशी गाळ उपसणारी माणसे केली, दरवाज्यावर एक बाई उभी केली. बाहुल्या मला सुबक जमल्या नाहीत. त्यांची डोकी मोठी झाली. पण तोफेपासून बुरुजापर्यंत दोरी बांधून यजमानांनी तिच्यावर लुगडी टाकली, आणि वाऱ्याने ती हलली, तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी लगेच इकडेतिकडे पाहिले. कुणी पाहिले तर नाही?

घरात त्या वर्षी चकल्या विकतच्या आल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. यजमान त्या खाऊन म्हणाले, "बऱ्या आहेत. तुझ्यापेक्षा कमी तेलकट." त्यांना माझी समजूत घालायची होती, पण मला मात्र पितळी डब्यांच्या रांगेकडे बघवेना. खाली उतरले की घर सोडल्याचे वाटे, आणि वर आले की खालची माती वाळत असेल असे वाटे.

धनत्रयोदशीला दादा आला. यजमान त्या दिवशी कर्वेनगरला एका जुन्या सहकाऱ्याकडे गेले होते. दादाच्या स्कूटरला पुढे एक खोके होते. "तू किल्ला करतेयस असं कळलं," तो म्हणाला. "म्हटलं, बाई एवढ्या उशिरा कामाला लागलीये, तर तिला सैन्य तरी पुरवावं."

खोक्यात मावळे होते, कागदात एकेक गुंडाळलेले. तलवारवाले, भालेवाले, एक तुतारीवाला, आणि सिंहासनावर बसलेले महाराज. दादाने ते निवडून आणले असणार. एकाचेही नाक वाकडे नव्हते.

आम्ही खाली गेलो. दादाने हेल्मेट काखेत धरून किल्ल्याला एक प्रदक्षिणा घातली.

"हा कुठला?"

"कुठला नाही. काल्पनिक आहे."

"काल्पनिक म्हणजे? चुकला की काल्पनिक म्हणायचं, असं काही आहे का?"

मी हसले. हसायला नको होते.

"महाराज कुठं बसवणार?"

"ते मोहिमेवर गेलेत. सगळं सैन्यच गेलंय, दादा. म्हणजे मागे राहिलेल्या लोकांचा किल्ला आहे हा. असं सुचलं."

"आणि तोफेवर धुणं." तो खाली वाकला. "अगं, पाडव्याला सगळी सोसायटी बघायला येणार. त्यात चार माणसं जाणती असतात. ती म्हणतील, बाई भूगोलाची, आणि किल्ल्यावर हे? तुझंच हसं होईल." त्याने हाताने हवेत एक रेघ ओढली. "खरं तर तुझा बालेकिल्ला सुरेख उठलाय. माची एक आहे, आणखी दोन काढ. राजगड होतो बघ. आयता होतो."

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, हे मला पुन्हा सांगावेसे वाटते. माझे हसे होऊ नये, हेच त्याला हवे होते. आणि मला काय हवे होते, हे मी त्याला नीट सांगितलेच नाही. "असं सुचलं" एवढेच म्हणाले, जणू सुचणे ही एखादी शिंक आहे. तो म्हणाला "आयता होतो," आणि मला, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे झाले. राजगड म्हटले की प्रश्नच मिटला. नाव होते, पुस्तके होती, आधार होता.

दादाने बाह्या वर सारल्या. मी माती चाळून देऊ लागले. बाजार उठला. चटया गेल्या. ज्या उतारावर अळीव हिरवे दिसू लागले होते, तिथेच नवी माची निघायची होती. मी ते अळीव माझ्या हाताने खरवडले. दादा म्हणाला, "राहू दे, मी करतो," तरीही मीच खरवडले. दोरी सोडताना लुगडी चिखलात पडली. महाराज सिंहासनासह वर बसले, दरवाज्यावर भालदार उभे राहिले, आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात पाटी लिहिली: राजगड.

संध्याकाळी यजमान फाटकातून आत आले, ते आधी टाकीच्या कोपऱ्याकडे वळले. मी वरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. ते थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग वाकून त्यांनी काहीतरी गोळा केले.

वर आल्यावर त्यांनी बेसिनशी उभे राहून लुगडी एकेक करून धुतली, पिळली, आणि आमच्या गॅलरीतल्या दोरीवर, त्यांच्या बनियनच्या शेजारी, वाळत घातली. एवढ्याशा लुगड्यांना चिमटे फार मोठे होत होते. मी म्हणाले, "दादा आला होता."

"हो ना," ते म्हणाले. "दादांचा किल्ला छान झालाय."

पाडव्याच्या संध्याकाळी सोसायटीतली मंडळी जमली. मुलांचे दोन किल्ले फाटकाशी होते, आमचा टाकीशी. दादा मुद्दाम आला होता. लोक विचारत, आणि दादा उत्तरे देई: ही पद्मावती माची, ही सुवेळा, ही संजीवनी. मी समईत तेल घालत राहिले. "काकू, भारीच हं!" असे कुणी म्हटले, की "दादाने केलाय" म्हणत होते, आणि ते खरेच होते.

मग दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण आला. हिंजवडीत कामाला, सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून गडावर जाणारा. त्याने फोनचा उजेड टाकून सगळे नीट पाहिले.

"काकू, एक सांगू? राग नका मानू. पण ओरिएंटेशन गंडलंय. सुवेळा ईस्टला पाहिजे ना? तुमची तर पार्किंगकडे आलीये, म्हणजे वेस्टला."

"तिकडे भिंत आहे," दादा म्हणाला.

"हो काका, पण मग तो राजगड नाही ना राहिला."

"पहिल्यांदाच केलाय हो तिनं," दादा घाईने म्हणाला. "चालायचंच."

लोक हसले, समजुतीने हसले. सुवेळा पूर्वेला असते, हे मला ठाऊक होते. नकाशे तपासण्यात ज्या बाईचा जन्म गेला, तिला दिशा कळत नव्हती असे नाही. पाटी लिहितानाच कळले होते, आणि तरी मी ती लिहिली. माझा स्वतःचा किल्ला वेडाबागडा होता, मोठ्या डोक्यांच्या बाहुल्यांचा होता. पण तो चुकू शकत नव्हता. त्यात सुवेळा नव्हतीच. आता मात्र समोर होता तो एक चुकलेला राजगड, आणि चुकीची क्षमाही माझ्या वतीने दुसऱ्याने मागितली होती. यजमान खुर्चीत मागे बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते, तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दादा दुपारी जेवायला यायचा होता. सकाळी श्रीखंडाचा चक्का फडक्यात तसाच टांगलेला ठेवून मी खाली उतरले. मावळे एकेक करून काढले, पुसले, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले. महाराजांना नमस्कार करून सगळ्यांत वर ठेवले. दोन माच्या मोडल्या. खालच्या जागेवर अळीव नव्हते; नुसती खरवडलेली माती होती. चटया पुन्हा अंथरल्या. बाजार पूर्वीसारखा मांडता येईना, कारण पूर्वी तो कसा होता, ते मला तंतोतंत आठवेना. स्वतःचीच गोष्ट इतक्या लवकर विसरता येते, याचे मला भय वाटले. यजमान जिन्यावरून लुगडी घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवून चक्का फेटायला वर गेले.

पाटीवर आता काय लिहावे, हे मला सुचले नाही. मी पाटी काढून टाकली.

ओवाळायच्या आधीच सांगणे भाग होते. ओवाळणी घेतल्यावर सांगणे मला फसवणुकीसारखे वाटले असते. दादा पाटावर बसला होता, डोक्यावर टोपी, कपाळ पुढे केलेले.

"दादा, तुझे मावळे मी खोक्यात भरून ठेवलेत. जाताना ने."

"का? फुटले?"

"नाही. मी किल्ला परत होता तसा केलाय."

"तो धुण्याचा?"

"हो."

त्याने पुढे केलेले कपाळ मागे घेतले. तबकातली निरांजने जळत होती. "मी काय तुझं वाईट चिंतलं होतं का गं?"

"नाही रे. तू चांगलंच चिंतलंस."

"तो दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा बोलला, म्हणून एवढं?"

"नाही. त्याच्या आधीपासून." मी तबक खाली ठेवले. "मला आवडला होता तो माझा किल्ला. तुला सांगायला लाज वाटली."

यजमान दारात उभे होते, हातात श्रीखंडाचे पातेले. दादा म्हणाला, "ओवाळ आता. तूप संपेल."

जेवताना तो सोसायट्यांच्या पुनर्विकासावर बोलला, टेकडीवरच्या रस्त्यावर बोलला, श्रीखंड दोनदा मागून घेतले. निघताना मी खोके घेऊन त्याच्यामागून खाली गेले. त्याने ते स्कूटरला पुढे ठेवले, हेल्मेट घातले आणि टाकीच्या कोपऱ्याकडे न बघता निघून गेला. मला रडू आले नाही. पण आयुष्यभर ज्याने मला रस्ता ओलांडताना हात धरला, त्याचा हात मी एका चिखलाच्या ढिगासाठी झटकला, असे वाटत राहिले. आदल्या दिवशी यजमानांविषयी अपराधी वाटत होते, आता दादाविषयी. अपराधीपण गेले नव्हते, त्याने नुसते घर बदलले होते. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की हे वाटणे म्हणजे आपण चुकल्याचा पुरावा असतोच, असे नाही. काही माणसांना काहीही स्वतःचे करताना ते वाटतच असेल, आणि मी त्यांतली असेन.

जिन्यात सेक्रेटरी भेटले. "काकू, नातू आला नाही वाटतं?"

"नाही. तो येणारच नव्हता," मी म्हणाले. "किल्ला मी माझ्यासाठीच केलाय."

"असं होय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जपून पाहत वर गेले.

दिवेलागणीला दादाचा फोन आला.

"पोचलो. मघाशीच पोचलो."

"बरं."

"खोकं उघडलं. त्यातल्या एकाची तलवार मोडलीये."

"माझ्याच हातून मोडली असेल, दादा. मी तुला दुसरा आणून देते."

"दुसरा कशाला?" तो थांबला. मागे त्याच्याकडे कुणीतरी फटाके लावत होते. "हे बघ. मोडक्या तलवारीचा माणूस मोहिमेवर कोण नेईल? जायबंदी माणूस गडावरच राहतो. तुझ्या त्या बायका धान्य वाळवतायत, त्यांच्यात एखादा असा बसलेला पाहिजे. टाक्यापाशी. उद्या आणून देतो."

माझ्या ओठांवर "आण" आलेच होते. सूचना चांगली होती. खरोखर चांगली होती. शिवाय ती दादाची होती आणि तो रागावलेला असूनही बोलत होता. त्याला एवढेही नाकारणे म्हणजे कृतघ्नपणाचा कळस. मी डोळ्यांसमोर टाके आणले. गाळ उपसणारी माणसे आणली. त्यांच्याजवळ तो रंगवलेला, सरळ नाकाचा मावळा बसवून पाहिला. बसेल की नाही, ते मला लगेच कळेना.

"ऐकतेयस ना?" दादा म्हणाला.

"ऐकतेय," मी म्हणाले. "मला जरा विचार करू दे, दादा. खाली जाऊन बघते, आणि मग तुला सांगते."



"बघ," तो म्हणाला. "तुझा किल्ला आहे."

फोन ठेवला. मी पायांत चपला सरकवल्या आणि खाली गेले.